ओघळाच्या मागावर

इंजिनातून गळालेला तेलाचा थेंब जमिनीवर जिथे पडतो, ती त्याच्या प्रवासातली शेवटची जागा असते. डाग गोल, काळा, ठसठशीत. बघणाऱ्याला वाटतं, याच्या बरोब्बर वर काहीतरी फाटलंय नाहीतर सैल झालंय. बहुतेक वेळा तसं नसतं. कुठल्यातरी पॅकिंगच्या फटीतून बाहेर पडल्यावर तो थेंब धातूच्या उतारावरून वाट काढत आलेला असतो. मध्ये एखाद्या बोल्टच्या डोक्याशी अडकलेला असतो, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकलेला असतो, आणि पुढे उतरायला धातूच उरला नाही म्हणून त्या टोकावरून पडलेला असतो.

माझी गाडी जुनी आहे आणि ती माझ्याच्याने सोडवत नाही. तिचं इंजिन उभं बसवलेलं आहे, म्हणजे पुढे रेडिएटर आणि मागे गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या सांध्याखाली डाग पडायला लागले. एका गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारला आणि लगेच निकाल दिला, "मागचं सील गेलंय."

मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) इंजिनाच्या मागच्या बाजूने बाहेर येऊन फ्लायव्हीलला (त्याच्या टोकाच्या जड चाकाला) मिळतो तिथे बसवलेलं रबरी कडं. वस्तू हातात मावेल एवढी. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील सोडवायचं. सगळा खर्च असतो तो या उघडण्या-जोडण्याच्या मेहनतीचा. निदान चुकलं असेल तर एवढा खटाटोप करून, नवं सील बसवून, सगळं पुन्हा जोडून डाग त्याच जागी पडत राहणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सील झिजतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला खटकला तो निकालाचा वेग. त्या इंजिनाच्या खालच्या अंगावर तेल आणि धूळ मिळून इतका जाड थर बसला होता की अमुक एक जागा ओली आहे असं म्हणायला वावच नव्हता. सगळंच ओलं होतं. सगळं ओलं असताना एका जागेवर बोट ठेवायचं म्हणजे ते बोट अनुभवाचं असेल, अंदाजाचं असेल, पण पाहिल्याचं नक्कीच नसेल.

माझ्या ओळखीत एक मिस्त्रीकाका आहेत. आयुष्यभर इंजिनं उघडली, आता हात थोडे थरथरतात म्हणून बारीक कामं सोडली, पण सल्ला द्यायला तयार असतात. त्यांना फोन केला. कुठे गळतंय, किती गळतंय, काही न विचारता ते म्हणाले, "ताई, आधी धुऊन घ्या. मग बोलू."

धुण्याआधीही एक पायरी असते, आणि ती अजिबात गाळू नये. गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना? गाडीच्या पोटात अनेक द्रव फिरत असतात. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवायचा, चाकांच्या खुणा त्यावर पेनाने करायच्या, म्हणजे सकाळी कळतं की थेंब नेमके कशाच्या खाली पडलेत. मग रंग बघायचा, बोटांवर चोळायचं, वास घ्यायचा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, आणि जळकट वासाचं. गिअरबॉक्सचं तेल जास्त चिकट, त्याला गंधकाचा उग्र दर्प. एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बहुधा लालसर. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, वासाला गोडसर, आणि बोटांना पाण्यासारखं लागूनही मागे बुळबुळीतपणा ठेवणारं. एसी चालू असताना पडतं ते निव्वळ पाणी, त्याची काळजीच नको. ब्रेकचं ऑइल मात्र फिकट आणि पातळ असतं. चाकाजवळ तसं काही दिसलं तर गाडी हलवूच नये.

माझ्या पुठ्ठ्यावरचे थेंब काळपट होते. गंधकाचा वास नव्हता. म्हणजे गिअरबॉक्स संशयातून सुटला, गळती इंजिनाचीच. ही एवढीशी गोष्टही खालून टॉर्च मारून कळत नाही.

आता धुणं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते शोधाचा अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच.

इंजिन थंड पाहिजे. गरम धातूवर थंड पाणी पडलं की तडा जायची भीती, आणि डीग्रीझर (तेलकट थर सोडवणारं द्रावण) गरम पृष्ठभागावर उडून जातो, मुरत नाही. अल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचं तोंड, उघडे वायर-कनेक्टर, फ्यूजचा डबा हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी नीट बांधून घ्यायचं. मग डीग्रीझर फवारायचा आणि त्याला वेळ द्यायचा. वर्षानुवर्षांचा थर एका फवाऱ्याने जात नाही. लांब दांड्याचा ब्रश, जुने टूथब्रश, कोपऱ्यांसाठी लाकडी काडीला गुंडाळलेली चिंधी. पाणी हलक्या धारेने, वरून खाली. जोराचा प्रेशर वॉशर वापरला तर पाणी सीलच्या ओठांतून आत शिरतं, कनेक्टरमध्ये शिरतं, आणि एक दुखणं शोधायला गेलेला माणूस चार नवी घेऊन येतो. धुतलेलं तेलकट पाणी गटारात सोडू नये. खाली ट्रे ठेवून, भुसा टाकून ते अडवता येतं, आणि अडवलं पाहिजे. पाण्यावर पसरलेला तेलाचा इंद्रधनुषी पापुद्रा अतिशय पातळ असतो. म्हणूनच थोडंसं तेल फार मोठा पृष्ठभाग व्यापतं.

थर निघायला लागला तशी मला माझ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदाच दिसलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, काळा असेल असं मी धरून चालले होते. तो करड्या रंगाचा निघाला. हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या, अंगावर ओतकामाचे आकडे होते, चेंबरच्या, म्हणजे तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या, कडेला एका बोल्टचं डोकं बाकीच्यांहून वेगळं होतं, म्हणजे कधीतरी कुणीतरी तो बदललेला. आधीच्या कुणाच्या तरी हाताने लावलेला निळा सीलंट एका कडेने बाहेर आला होता. या मशीनला माझ्याआधीही आयुष्य होतं, आणि त्या आयुष्यातल्या दुरुस्त्या तिच्या अंगावर अजून वाचता येत होत्या.

धुण्यात एक अवघड गोष्ट आहे, ती हाताची नाही, मनाची. आपण पुरावा पुसतोय असं वाटत राहतं. तो डाग, तो ओघळ, तो काळा थर, हेच तर गळतीचं सगळं चिन्ह, तेच घालवायचं? पण जुना थर सांगतो तो सगळ्या वर्षांचा मिळून एकत्र इतिहास. त्यात पाच वर्षांपूर्वी ऑइल भरताना सांडलेलं तेल असतं, केव्हाच बदलून झालेल्या सीलची गळती असते, फिल्टर काढताना ओघळलेलं असतं. आजची गळती त्या गर्दीत मिसळून गेलेली असते. आजचं बघायचं असेल तर कालचं पुसायलाच हवं. मला हे हात काळे होईपर्यंत पटलं नव्हतं.

कोरडं झाल्यावर मी मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते आले, बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. हात लावला नाही. मग म्हणाले, "आता सुरू करा, आणि तुम्ही बघा. मी नाही. गाडी तुमची आहे."

तेल बाहेर पडण्याच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यांचा फरक कळला की शोध निम्म्यावर येतो. इंजिनात काही वाटा दाबाखालच्या असतात. ऑइल पंप चेंबरमधून तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि तिथून बेअरिंगांकडे, कॅमशाफ्टकडे पाठवतो. या वाटेवरचा दाब साधारण १ ते ५ बारच्या दरम्यान खाली-वर होत असतो. फिल्टरचं रबर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलरचे सांधे, टर्बोला तेल नेणारी नळी हे सगळे या वाटेवरचे. इथे फट पडली तर इंजिन चालू असताना तेल जोरात येतं, रेस वाढवली की वाढतं, आणि इंजिन बंद केलं की जवळजवळ थांबतं. दुसऱ्या वाटा बिनदाबाच्या असतात. काम करून झालेलं तेल स्वतःच्या वजनाने भिंतींवरून घरंगळत परत चेंबरमध्ये येतं. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे हेडवरच्या झाकणाखाली, ते फक्त उडत, ठिबकत असतं. इथली गळती संथ असते, पाझरते, आणि गाडी उभी केल्यानंतरही बराच वेळ चालू राहते. त्यामुळे "किती गळतं" यापेक्षा "केव्हा गळतं" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. माझी गाडी चालताना फारसं सांडत नव्हती. उभी केल्यावर रात्रभर थेंब पडायचे. तेलाची पातळीही फार उतरत नव्हती. दाबाखालचे संशयित त्या एका निरीक्षणाने मागे पडले.

तापमानाचाही हिशेब असतो. ३० ग्रेडचं तेल १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक) इतकं पातळ असतं. तेच ४० अंशांना साधारण पाच-सहा पट घट्ट होतं. म्हणून एखादी बारीक फट थंड तेलाला अडवून धरते आणि गरम तेलाला सोडून देते. उलटही होतं. जुनं, कडक झालेलं रबर थंडीत आकसलेलं असतं आणि गाडी तापली की फुगून फट बुजवतं. अशा गाडीखाली सकाळी डाग असतो आणि दुपारी काही नसतं. गॅरेजमध्ये दहा मिनिटं इंजिन चालवून "काही गळत नाही" असं सांगणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दहा मिनिटांत खरंच गळत नसतं.

मी गाडी फिरवून आणायची, बॉनेट उघडायचं, टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा घेऊन बघायचं, असं सुरू झालं. नियम एकच: ओल दिसली की तिच्या वर बघायचं. तिथेही ओलं असेल तर त्याच्याही वर, आणि पुढच्या बाजूला. पुढच्या बाजूला यासाठी की रेडिएटरचा पंखा आणि गाडीचा वेग दोन्ही तेलाला मागे फेकतात. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा, जिच्या वर सगळं कोरडं आहे, ती उगमाची जागा. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात हेडच्या मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून हातभरही जागा नसते, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि स्वच्छ नवं तेल धातूवर जवळजवळ पारदर्शक असतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला पावडरचा. कोरड्या केलेल्या भागावर टाल्कम पावडर किंवा पांढरा डेव्हलपर स्प्रे उडवायचा. तेल आलं की त्या पांढऱ्यावर गडद रेघ उमटते. सांध्यांसाठी हा उपाय छान, पण हलत्या पट्ट्यांजवळ आणि हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ पावडर उडवू नये. दुसरा उपाय रंगाचा. तेलात मिसळणारा फ्लुरोसंट डाय मिळतो. तो ऑइल भरायच्या तोंडातून आत ओतायचा, इंजिन चालवून तेलात मिसळू द्यायचा, गाडी फिरवून आणायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. साधारण ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, डोळ्यांवर पिवळा चष्मा. गळलेलं तेल पिवळट हिरवं चमकतं.

त्या संध्याकाळी मी टॉर्च लावला तेव्हा सगळं इंजिन काळोखात बुडालेलं होतं, आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या रुंद तोंडाच्या, बाहेरच्या अंगावरून एक हिरवी रेघ सरळ वर चढत होती. ती ब्लॉकच्या मागच्या भिंतीवर गेली, तिथे एका ओतीव कडेशी पसरली, पुन्हा अरुंद झाली आणि हेडच्या पाठीवरून वर जाऊन टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात संपली. कोपऱ्याच्या वर काही नव्हतं. पूर्ण अंधार. मी मिस्त्रीकाकांना हाक मारली. त्यांनी आरशात बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले, पण ते खूश झाले होते.

तरी त्यांनी मला तिथेच थांबू दिलं नाही. "मागचं सीलही गळत असेल तर?" हा प्रश्न बरोबर होता. एक गळती सापडली म्हणजे दुसरी नाही असं होत नाही. बेल हाउसिंगच्या खाली तपासणीसाठी एक छोटं पत्र्याचं झाकण असतं. ते उघडलं. मागचं सील गळत असतं तर तेल आतून आलं असतं. फ्लायव्हील फिरताना ते बाहेरच्या दिशेने भिरकावतं, त्यामुळे आतल्या भिंतीवर शिंतोड्यांचं कडं उमटतं. आत क्लचची कोरडी, करडी भुकटी होती. बोट फिरवलं तर बोटाला पावडर लागली, तेल नाही. बाहेरून ओलं, आतून कोरडं. जे सील बदलण्यासाठी अर्धी गाडी खोलायची होती ते ठणठणीत होतं.

गॅरेजवाल्यांवर मला राग धरायचा नाही. त्यांच्याकडे रांग असते, गाडीचा मालक उभा असतो, आणि तिथे गळणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं मागचं सील खरंच गेलेलं असतं. पण दुरुस्तीच्या धंद्यात साप म्हणून भुई धोपटण्याची सवय वाढतेय असं मला वाटतं. भाग बदलत जायचे, कधीतरी बरोबर भाग बदलला जाईल. शोधायला वेळ लागतो आणि शोधण्याच्या वेळेचं बिल कुणी आनंदाने भरत नाही, भागांचं भरतात. हे आपण मालकांनीही बदलायला हवं. "दोन तास लागले आणि काही बदलावं लागलं नाही" असं सांगणाऱ्या मिस्त्रीला त्या दोन तासांचे पैसे मन मोठं करून दिले पाहिजेत.

टॅपेट कव्हर उघडलं. त्याचं पॅकिंग रबराचं होतं, निदान कधीकाळी होतं. आता ते वाकवलं की मोडत होतं. कव्हरच्या मागच्या टोकाला, हेडमध्ये कापलेल्या अर्धगोलात एक अर्धचंद्राकृती रबरी बूच बसतं. तेच आकसून एका बाजूने सुटलं होतं, आणि तेल तिथून बाहेर येत होतं. इंजिनाच्या या भागात सतत ९०-१०० अंशांच्या आसपास उष्णता असते, शेजारून एक्झॉस्टची धग येते. नायट्राइल रबर साधारण १००-१२० अंशांपर्यंत तग धरतं, फ्लुओरोइलास्टोमर जातीचं २०० अंशांच्या आसपासपर्यंत. पण वर्षं मोजली तर रबर हळूहळू आपली लवचीकता गमावतंच, आणि पॅकिंगचं सगळं काम त्या लवचीकतेवर चालतं. दाबलं की परत फुगायचं, दोन धातूंच्या मधली खडबडीत जागा भरून काढायची. ती ताकद गेली की पॅकिंग जागेवर असतं, पण काम करत नसतं.

या रबरी वस्तूंबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटायला लागला आहे. साधी ओ-रिंग घ्या. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेनसेन यांनी तिच्या पेटंटसाठी १९३७ साली अमेरिकेत अर्ज केला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती; पेटंट १९३९ मध्ये मिळालं. खाचेत बसलेलं गोल रबर, बस. दाब वाढला की ते स्वतःच फटीकडे सरकतं आणि अधिक घट्ट बसतं. फिरत्या शाफ्टवरचं सील त्याहून नाजूक. त्याला एक पातळ ओठ असतो आणि ओठामागे त्याला शाफ्टवर टेकवून धरणारी बारीक स्प्रिंग. हा ओठ शाफ्टला कोरडा घासत नाही, तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो; त्या थराशिवाय तो जळून जाईल. आणि चांगल्या सीलमध्ये ओठाची सूक्ष्म खरबरीत रचना शाफ्ट फिरताना तेलाला परत आत ढकलत असते. म्हणजे न गळणारं सील हे बंद दार नसून अखंड चाललेलं काम आहे. पूर्वी हे ओठ चामड्याचे असत, आणि त्याही आधीपासून ग्रॅफाइट लावलेली दोरी शाफ्टभोवती बसवून भागवलं जाई. काही जुन्या इंजिनांच्या मागच्या टोकाला ती दोरी अजूनही आहे.

पॅकिंग कडक झालं होतं, हे कारण पुरेसं होतं. मी नवं पॅकिंग आणायला निघणार तेवढ्यात मिस्त्रीकाकांनी विचारलं, "ब्रीदर बघितला का?"

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचे थोडे वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंद पोकळीत, उतरतात. ते बाहेर काढले नाहीत तर आत दाब साठतो. त्यांना बाहेर सोडणारी वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या काळी एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, वायू आणि तेलाचा धूर सरळ हवेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे हे वायू पुन्हा इनटेकमध्ये खेचून जाळण्याची व्यवस्था सक्तीची होऊ लागली, आणि आता ती सगळीकडे आहे. त्यात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही म्हणतात. तो काजळी आणि चिकट्याने तुंबला की क्रँककेस कोंडतो. आतला दाब थोडाच असतो, पण तो प्रत्येक पॅकिंगवर, प्रत्येक सीलवर एकाच वेळी पडतो, आणि जिथे जागा मिळेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. अशा इंजिनाचं एक पॅकिंग बदललं की काही दिवसांनी दुसरं गळतं. मालक म्हणतो, गाडीला शाप लागलाय. तिला श्वास घेता येत नसतो, एवढंच.

तपासायची पद्धत इतकी सोपी आहे की ती प्रत्येकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर पातळ कागद ठेवायचा. व्यवस्था ठीक असेल तर कागद हलकेच खाली ओढला जातो. तो उडायला, थडथडायला लागला तर आत दाब आहे: एकतर ब्रीदर तुंबलाय, नाहीतर रिंगा झिजून वायू फार निसटताहेत. आम्ही कव्हर तात्पुरतं बसवून हे केलं. कागद उडाला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर आतली गोळी खुळखुळायला हवी होती. ती जागच्या जागी चिकटलेली होती. नळी आतून काळ्या लगद्याने अर्धी भरलेली. मग व्हॉल्व्ह नवा, नळी नवी, पॅकिंग नवं, अर्धचंद्र नवा. कागद पुन्हा ठेवला तेव्हा तो तोंडावर अलगद बसला.

जोडणीचं थोडक्यात सांगते. जुनं पॅकिंग लोखंडी पात्याने खरवडू नये. अॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा पडला की तीच उद्याची फट. प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर. दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न राहील असे पुसायचे. सीलंट फक्त कोपऱ्यांत, जिथे दोन वेगळे भाग एकमेकांना मिळतात तिथे, टिपक्याएवढा. जास्त लावलेला सीलंट आतल्या बाजूला वळतो, सुटतो, चेंबरमध्ये जातो आणि पंपाच्या गाळणीला बसतो. गळती थांबवायला गेलेल्या माणसाने इंजिनाचं तेलच थांबवलं असं झालेलं आहे. आणि बोल्ट. टॅपेट कव्हरचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तीन-चार किलोंची ओढ, त्याहून जास्त नाही. मधून बाहेर, आलटून पालटून. गळतंय म्हणून अजून एक आटा द्यायची इच्छा फार होते. त्याने पॅकिंग चेपतं, पत्र्याचं कव्हर वाकतं, आणि दोन बोल्टांच्या मधोमध नवी फट तयार होते.

गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मिळतात. ती रबराला फुगवतात, मऊ करतात. कडक झालेल्या एखाद्या सीलला थोडे दिवस त्याने बरं वाटतंही. पण मोडलेल्या पॅकिंगला ती जोडत नाहीत, तुंबलेला ब्रीदर उघडत नाहीत, आणि आतली सगळी चांगली रबरंही तेच औषध पीत असतात. मी ती वापरणार नाही.

शोधताना मला सोपे संशयितही आधी बघायला लागले होते, आणि तुम्हीही तेच आधी बघा. ऑइल बदलल्यानंतर लगेच गळायला लागलं असेल तर फिल्टर काढून बघा, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली असेल आणि नवी तिच्यावर बसली असेल. अशी जोडी दाबाखाली अचानक सुटते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. ड्रेन बोल्टचा वायसर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, तो एकदा चेपला की त्याचं काम झालं, दर वेळी नवा घालावा. प्रेशर स्विचच्या प्लगमध्ये तेल दिसलं तर स्विचच आतून गळतोय.

प्रत्येक ओल दुरुस्त करायची गरज नसते, हेही मी ठामपणे म्हणेन. सांध्यावर नुसती ओलसर झाक असेल, थेंब धरत नसेल, तर लक्ष ठेवावं आणि जगू द्यावं. पण तेल एक्झॉस्टवर पडत असेल तर धूर येतो आणि आगही लागू शकते. टायमिंगच्या रबरी पट्ट्यावर पडत असेल तर पट्टा फुगतो, तुटतो. क्लचवर गेलं तर क्लच घसरतो. या तिन्हींना उशीर नको. आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर तो पातळीचा नाही, दाबाचा इशारा असतो. घर जवळ आहे म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच इंजिन बंद. कुठलीही गळती असणाऱ्याने ऑइल मोजायची पट्टी काढून पातळी वरचेवर बघावी. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यावरून आपली गाडी किती तेल गमावतेय ते काढता येतं.

काम झाल्यावर आम्ही इंजिन पुन्हा पुसून घेतलं, कारण जुना चमकणारा रंग अंगावर राहिला तर पुढची तपासणी खोटी ठरते. मग पुठ्ठा, फेरफटका, रात्र, टॉर्च. बेल हाउसिंग काळोखात काळोखच राहिलं. पुढच्या बाजूला मात्र, टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला, नखाएवढी हिरवी झाक दिसली. आधी ती नव्हती, किंवा मागच्या मोठ्या रेघेपुढे माझी नजर तिकडे गेली नव्हती.

"ती ब्रीदर कोंडला होता तेव्हाची असेल," मिस्त्रीकाका म्हणाले. "पुसा आणि परत बघा."

पुसली. आठवड्याने पुन्हा बघितली तर पुसट झाक परत आलेली, पण थेंब नव्हता, खाली ओघळही नव्हता. पट्ट्यापासून ती लांब आहे, एक्झॉस्टपासूनही. गाडीच्या वहीत तिची जागा, तारीख आणि आकार लिहून ठेवलाय, शेजारी एक फोटो चिकटवलाय. पुढचं ऑइल बदलताना खाली शिरेन तेव्हा पहिला टॉर्च तिथेच मारणार आहे.